हाच फॉन्ट पाहिजे! सारखी दिसणारी वळणदार अक्षरं ओळखण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात डीटीपीचं (कॉम्प्युटरवर पत्रिका, पावत्या मांडून देण्याचं) काम करताना दिवसातून एकदा तरी कुणीतरी मोबाईल पुढं करतं: "हाच फॉन्ट पायजे." फोटो तिरका, त्यावर ट्यूबलाइटचा चट्टा, आणि अक्षर असं की त्याच्यासारखे पाच फॉन्ट कुठल्याही कॉम्प्युटरवर निघतील. लग्नसराईत हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून ठेवली.

नुसतं बघून फॉन्ट ओळखता येतो का?

येतो, पण सगळा मजकूर एकदम बघून नाही. कोल्हापुरी चप्पल लांबून सगळी एकच दिसते. घेणारा माणूस हातात घेऊन कान बघतो, वेणी बघतो. फॉन्टचंही तसंच आहे. "नाजूक आहे", "लग्नाचा वाटतो", "पेशवाई वाटतो" हे सगळं वर्णन दहा फॉन्टना लागू पडतं. त्यातून आपला कुठला, हे दोन-चार अक्षरं सांगतात, आणि ती कुठली हे आधी ठरवावं लागतं.

मग मराठी मजकुरात आधी कुठलं अक्षर बघू?

ल आणि श. ही दोन अक्षरं मराठीत आणि हिंदीत वेगळी लिहिली जातात. मराठी ल पाकळीचा: दोन पाकळ्या, उजवीकडे पूर्ण उभा दंड नाही. हिंदी ल दंडाचा. मराठी श देठाचा, आणि हिंदीतला तो शेंडीफोड्या. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श प्रमाण ठरवले, तेव्हा हे शब्द वर्तमानपत्रांत बरेच गाजले होते. (गंमत म्हणजे हे वाचताना तुमच्या फोनवर यातलं कुठलं रूप दिसतंय, ते मला इथून सांगता येत नाही. तुमच्या फोनमधला फॉन्ट ते ठरवतो.)

एक सावधगिरी. पत्रिकेवर सगळ्यात वर "॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥" असतं, आणि लोक त्यातला श बघून निर्णय देतात. श्री मधला श काही सांगत नाही. श्र हे जोडाक्षर दोन्ही वळणांत सारखंच असतं. खरा श बघायचा तर "शुभविवाह" मधला किंवा "गणेशाय" मधला बघा.

त्यानंतर जोडाक्षरं. "दत्त" मधला त्त एकजीव आहे की अर्ध्या त ला पूर्ण त जोडलाय? "विठ्ठल" मध्ये ठ खाली ठ बसलाय की पहिल्या ठ चा पाय मोडून दोन्ही शेजारी ठेवलेत? "भक्त" मधला क्त जुन्या पद्धतीचा आहे की सुटा? फॉन्ट बनवणाऱ्याला इथं निवड करावी लागते आणि प्रत्येकाची निवड वेगळी असते. त्यामुळे ल, श जुळूनही जोडाक्षरावर फॉन्ट हमखास सापडतो.

"वऱ्हाडी मंडळी" हे शब्द असतील तर चांगलंच. तो अर्धचंद्रासारखा ऱ् मराठीची खूण. फक्त हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या काही फॉन्टांत तो नसतो, मग र पाय मोडून उभा राहतो आणि शेजारी ह वेगळा.

शेवटी बारीकसारीक: अनुस्वार गोल आहे की चौकोनी हिऱ्यासारखा, वेलांटी शिरोरेखेवर किती उंच जाते, "रु" आणि "रू" मधला उकार कमरेला चिकटतो की खाली लोंबतो. अनुस्वार हिऱ्यासारखा दिसला की समजायचं, अक्षर बोरूच्या किंवा कट निबच्या वळणावर बेतलंय. तिरकी कापलेली निब नुसती टेकवली की तसाच ठिपका उमटतो.

अ, झ, ण हेही वेगवेगळे दिसतात. ते कशामुळे?

जुन्या छपाईत मुंबईचं वळण आणि कलकत्त्याचं वळण असे दोन घाट होते. कलकत्त्याच्या वळणात अ, झ, ण आणि ५, ८, ९ हे आकडे वेगळे दिसायचे. ण तर जवळजवळ "रा" सारखा. आज नव्या फॉन्टांत ही रूपं क्वचित भेटतात. जुन्या पोथीचा फोटो घेऊन कुणी आलं आणि त्यात असा ण असला, तर बाजारातल्या रोजच्या फॉन्टांत शोधण्यात वेळ घालवू नका.

ल आणि श जुळले नाहीत तर फॉन्ट नक्की वेगळा, असं म्हणायचं का?

नाही! आणि हे मी पैसे मोजून शिकलोय.

कागलकडचे एक काका थोरल्या लेकीची पत्रिका घेऊन आले. धाकटीची हुबेहूब तशीच हवी होती. थोरलीची आम्हीच केलेली, फाईलही सापडली, फॉन्टचं नावही तेच. मध्ये मशीन बदललं होतं, म्हणून मजकूर नव्याने टाइप केला. प्रूफ मोबाईलवर पाठवलं, काकांनी अंगठा दाखवला, चारशे पत्रिका छापून झाल्या. न्यायला आले तेव्हा त्यांनी काउंटरवर दोन्ही पत्रिका शेजारी ठेवल्या. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग "शुभविवाह" वर बोट ठेवून म्हणाले, "ह्यो श त्यो न्हाई."

खरंच नव्हता. थोरलीचा देठाचा, धाकटीचा शेंडीफोड्या. खाली "शाहूपुरी" मध्ये पण तसाच, आणि "मंगल कार्यालय" मधल्या दोन्ही ल ना दंड फुटलेले. मी म्हटलं, काका, एवढं कोण बघतंय. ते म्हणाले, "दोन लेकीत फरक केला म्हनतील की लोक."

फॉन्ट बदललेलाच नव्हता. काही युनिकोड फॉन्टांत दोन्ही रूपं एकाच फाईलमध्ये असतात, नोटो सान्स देवनागरीत आहेत तशी. सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी दिली की मराठी ल-श उमटतात, हिंदी दिली किंवा काहीच दिली नाही की दुसरे. नव्या मशीनवर भाषा हिंदी राहिली होती आणि मी ती बघितली नव्हती. चारशे पत्रिका परत छापल्या, माझ्या खर्चाने.

तेव्हापासून नियम असा: ल-श जुळले नाहीत पण बाकी सगळं जुळलं, तर आधी भाषेचं सेटिंग बघायचं. ल-श जुळले नाहीत आणि क्ष, झ, ह्य सुद्धा जुळले नाहीत, तर फॉन्ट वेगळा.

मराठी कॅलिग्राफी फॉन्ट आणि इंग्रजी वळणावरून केलेला मराठी फॉन्ट, यांत फरक कसा कळतो?

जाड रेघ कुठं पडते ते बघा. देवनागरीचा बोरू आणि रोमन अक्षरांची रुंद निब उलट्या बाजूंना कलतात. देवनागरीत डावीकडून खालून उजवीकडे वर जाणारी तिरकी रेघ जाड येते, रोमनमध्ये नेमकी तीच बारीक. कॉन्व्हेंटमधल्या पोराला कट निब दिली आणि त्याने इंग्रजीच्या सवयीने धरून मराठी लिहिलं, तर अक्षर बरं दिसतं पण कुठंतरी खटकतं. फॉन्टमध्येही तेच होतं.

याच्या उलट प्रयोग "यात्रा वन" मध्ये आहे. मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून स्फुरलेला हा फॉन्ट. त्यातली इंग्रजी अक्षरंसुद्धा देवनागरीच्या कोनातून लिहिल्यासारखी आहेत. कार्डावर मराठी आणि इंग्रजी नाव एकाच हाताने लिहिल्यासारखं दिसलं आणि इंग्रजीची जाडी "चुकीच्या" बाजूला दिसली, तर हे नाव आधी तपासा.

अक्षर तिरकं आहे. हस्ताक्षराचा फॉन्ट समजू का?

थांबा. निम्म्या वेळा तो साधा उभा फॉन्ट असतो आणि कुणीतरी कोरलमध्ये (डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये) ओढून तिरका केलेला असतो. ओळखायचं कसं: व, ब, क यांची पोटं बघा. ओढलेल्या अक्षरात पोट एका बाजूला दाबलं जातं, पिकलेल्या पपईवर वजन ठेवल्यासारखं. सगळ्या अक्षरांचे दंड तंतोतंत एकाच कोनात असतात आणि गोल अनुस्वार लंबगोल होतो.

खऱ्या हस्ताक्षरी फॉन्टमध्ये, उदाहरणार्थ "कलम" मध्ये, अक्षर मुळातच कललेलं काढलेलं असतं. त्यामुळे पोटं भरलेली राहतात, रेघांची टोकं पेन उचलल्यासारखी सुटतात. कलम हा इंडियन टाइप फाउंड्रीचा, बारीक, मध्यम आणि ठळक अशा तीन वजनांत मिळतो. शाळेच्या कार्यक्रमाच्या निम्म्या पत्रिका यातच असतात असं मला वाटतं, आणि त्यात वाईट काही नाही.

वाढदिवसाच्या बॅनरवरचे ते गुबगुबीत फॉन्ट सगळे एकच का?

नाहीत, पण दोनच नावं लक्षात ठेवलीत तरी बरंच भागतं: बलू आणि मोदक. दोन्ही मुंबईच्या "एक टाइप" या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचे. बलूमध्ये अक्षराच्या पोटातली पोकळी मोकळी दिसते. मोदकमध्ये अक्षर इतकं फुगलंय की पोकळी एका बारीक फटीएवढीच उरते. लांबून वाचता येतं, जवळून मात्र मजा येते. मोदकला वजन एकच. बॅनरवर तेच अक्षर कुठं बारीक कुठं जाड असं दिसलं तर तो बहुतेक बलू २, त्याला पाच वजनं आहेत.

मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह: हे तर विंडोजचेच. यात गोंधळ का होतो?

कारण कुणी नाव बघत नाही. मंगल हा प्रा. र. कृ. जोशी यांचा, मूळ स्क्रीनवर वाचण्यासाठी केलेला. एकाच पॉइंट साइजला तो कोकिळापेक्षा बराच मोठा दिसतो. अर्जात "१२ पॉइंट" लिहिलंय म्हणून कोकिळात टाइप केलं आणि साहेब म्हणाले अक्षर बारीक आहे, ही तक्रार तिथून येते. कोकिळात जाड-बारीक रेघ आहे, उत्साह एकसारख्या जाडीचा. एवढं पुरे. हे फॉन्ट पत्रिकेवर वापरू नका असं मी सांगतो, पण ऐकत कुणी नाही.

श्री-लिपीचे फॉन्ट नावाने का सापडत नाहीत?

पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीत फॉन्टना नावांऐवजी बहुतेक आकडे असतात. आपल्याकडच्या जुन्या पत्रिका, मंडळांच्या पावत्या, अहवाल मोठ्या प्रमाणात त्यातलेच. मॅक घेतलात तर त्यात "श्री देवनागरी ७१४" आधीपासून असतो, तो याच घराण्यातला.

कार्डावर वधूवरांची नावं इंग्रजीत आहेत. तिथं कसं ओळखायचं?

इंग्रजी वळणदार फॉन्टांचे ढोबळ तीन घोळके करा.

पहिला टोकदार निबचा. दाब दिला की जाड, सोडला की केसासारखी बारीक रेघ, आणि कॅपिटलला मोठमोठे फेरे. स्नेल राउंडहँड, एडवर्डियन स्क्रिप्ट, पॅलेस स्क्रिप्ट, ग्रेट व्हाइब्स हे सगळे या घोळक्यात. स्नेल मॅथ्यू कार्टर यांनी १९६० च्या दशकात जुन्या इंग्रज लेखनगुरू चार्ल्स स्नेल यांच्या वळणावरून केला, एडवर्डियन १९९४ मध्ये एड बेंगियाट यांनी. इथं कॅपिटलकडे बघून फसाल, कारण सगळ्यांचे फेरे भारीच असतात. स्मॉल अक्षरं बघा: कॅपिटलच्या मानाने ती किती बुटकी आहेत आणि एका अक्षरातून दुसऱ्यात जाणारी रेघ कुठल्या उंचीला मिळते. ही दोन मापं प्रत्येकाची वेगळी.

दुसरा रुंद निबचा, अक्षरं सुटी. यात झाफ चॅन्सरी (१९७९) आणि मोनोटाइप कॉर्सिव्हा. या जोडीने भल्याभल्यांना चकवलंय. कॉर्सिव्हाच्या अक्षरांची रुंदी मुद्दाम झाफ चॅन्सरीएवढीच ठेवलेली आहे, त्यामुळे ओळीची लांबी मोजून काही कळत नाही. दोन्हीत टाइप केलेली नावं एकावर एक ठेवली की सुरुवात आणि शेवट बरोबर जुळतात. मध्ये रेघा सुटतात, त्याच बघायच्या. ल्युसिडा हँडरायटिंग आणि ल्युसिडा कॅलिग्राफी ही दुसरी जोडी सोपी आहे: कॅलिग्राफीत निबचं जाड-बारीक दिसतं, हँडरायटिंगमध्ये रेघ जवळपास एकसारखी, स्केचपेनने लिहिल्यासारखी.

तिसरा ब्रशचा. ब्रश स्क्रिप्ट १९४२ चा, मिस्ट्रल १९५३ चा. मिस्ट्रल रोजे एक्सकोफों यांनी स्वतःच्या हस्ताक्षरावरून केला, म्हणून तो घाईत लिहिल्यासारखा दिसतो. ब्रश स्क्रिप्ट पेंटरने पाटी रंगवल्यासारखा, भरीव. कॅफेच्या बोर्डांवर दिसतात ते लॉबस्टर (२०१०) आणि पॅसिफिको (२०११). लॉबस्टर दाटीवाटीचा, जाड-बारीक असलेला. पॅसिफिको पसरट, टोकं गोल, जाडी जवळपास एकच. डान्सिंग स्क्रिप्टमध्ये अक्षरं ओळीवर नीट बसत नाहीत, वरखाली उड्या मारतात, आणि कॅपिटल ओळीच्या खाली उतरतात.

खात्री कशी करायची?

फोटो सरळ करून कोरलमध्ये खाली ठेवा. वर तोच शब्द संशयित फॉन्टमध्ये टाइप करा, भरण काढून नुसती लाल आउटलाइन ठेवा. मग एखादा काना फोटोतल्या कान्याएवढा उंच होईल इतपत मोठा करा, रुंदी वेगळी ओढू नका. आता शिरोरेखेच्या खाली काय होतं ते बघा. पूर्ण शब्द जुळून शेवटच्या अक्षराला अर्धा मिलिमीटर फरक पडला, तर फॉन्ट तोच आणि अक्षरांमधलं अंतर कमी-जास्त केलेलं. सुरुवातीच्या अक्षरापासूनच पोटं जुळत नसतील तर पुढचा फॉन्ट.

जाडीवर विश्वास ठेवू नका. हातकागदावर शाई पसरते, स्क्रीन प्रिंटिंगमध्ये अक्षर भरतं, झेरॉक्सवरून झेरॉक्स काढली की बारीक रेघा गळतात. एकच फॉन्ट तीन जागी तीन वजनांचा दिसतो.

पीडीएफ असेल तर नाव सरळ मिळतं का?

बऱ्याचदा मिळतं. ॲक्रोबॅट रीडरमध्ये कंट्रोल आणि डी दाबा, फॉन्टचा टॅब उघडा. नावाच्या आधी सहा कॅपिटल अक्षरं आणि अधिकची खूण दिसली तर घाबरू नका, त्याचा अर्थ त्या फॉन्टची फक्त लागणारी अक्षरं फाईलमध्ये घेतली आहेत. नाव त्या खुणेनंतर सुरू होतं. यादी रिकामी असेल तर फाईल बहुतेक कर्व्ह करून पाठवली आहे, म्हणजे अक्षरांची चित्रं झाली. मग परत डोळेच.

फोटो टाकला की फॉन्ट सांगणाऱ्या साइट आहेत ना?

इंग्रजीसाठी आहेत, आणि सुट्या अक्षरांना बऱ्यापैकी काम करतात. जोडून लिहिलेल्या अक्षरांना त्या अडखळतात, कारण एक अक्षर कुठं संपतं तेच त्यांना कळत नाही. मराठीला तर शिरोरेखेने सगळा शब्द एकत्र बांधलेला. मी मराठीसाठी वापरून बघितल्या, आणि सोडून दिल्या.

मोडीचा फॉन्ट पाहिजे, असं सांगितलं तर काय देता?

आधी विचारतो, मोडी की मोडीसारखं? बहुतेकांना वळसेदार देवनागरी हवी असते. मोडी ही वेगळी लिपी आहे, २०१४ मध्ये ती युनिकोडमध्ये आली आणि "नोटो सान्स मोडी" फुकट मिळतो. पत्रिका खरोखर मोडीत छापली तर मामा, मावशी, आत्या कुणालाच वाचता येणार नाही, हे सांगितल्यावर विषय मिटतो.

ओळखला, मिळाला. वापरला तर चालेल?

कलम, मुक्ता, बलू, मोदक, यात्रा वन, लॉबस्टर, पॅसिफिको हे खुल्या परवान्याचे आहेत, छापा बिनधास्त. विकतचे विकतच घ्या. पेनड्राइव्हवरून फिरणाऱ्या "पाचशे कॅलिग्राफी फॉन्ट" च्या फोल्डरमध्ये नावं बदललेले फॉन्ट भरपूर असतात, त्यामुळे परवाना राहू दे, ओळख पटवतानाच तुमचा गोंधळ होईल.

बॅनरवर "नाद खुळा" असतं, तो कुठला फॉन्ट?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो. फोटो मोठा करा. या दोन शब्दांत काना दोनदा आहे, ना मध्ये आणि ळा मध्ये. फॉन्ट असेल तर दोन्ही काने उंची, जाडी, टोक सगळ्यात तंतोतंत सारखे येतात. (अपवाद झाफिनोसारख्या काही फॉन्टांचा. त्यांत एकाच अक्षराची अनेक रूपं असतात आणि शेजारचं अक्षर बघून ती बदलतात.) मागच्या आठवड्यात एक पोरगं असाच फोटो घेऊन आलं. ना चा काना शिरोरेखेला सरळ टेकलेला. ळा चा काना खाली निमुळता होत तलवारीसारखा वळून पूर्ण शब्दाखालून मागं गेलेला, आणि टोकाला ब्रशचे दोन केस फाकलेले.

"भावा, हा फॉन्ट न्हाई," म्हटलं, "हे कुणीतरी हाताने काढलंय."

"मग तो काढणारा कुठं मिळंल?"